पडवीतली शाळा

खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. मधल्या काळात दोन-तीन विषय अर्धे लिहून तसेच ठेवून दिले, पण हा काही डोक्यातून जाईना. घरच्या मंडळींपैकी जे इथे येऊन वाचतात त्यांना यातलं काही आवडणार नाही, हे आधीच सांगून टाकते. फोन करायचा असेल तर रात्री नऊनंतर करा, तोवर माझी स्वयंपाकघरातली कामं आटपलेली असतात.

झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका काढायचं ठरलं. गाव सातारा जिल्ह्यातलं. नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण हीच गोष्ट आजूबाजूच्या कुठल्याही गावाची असू शकली असती. आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, त्या शाळेत वीसेक वर्षं मास्तर होते. लोकल बोर्डाची मराठी शाळा, चौथीपर्यंतची. अण्णा व्हर्नाक्युलर फायनल पास झालेले. त्यांचं मोत्यासारखं अक्षर, त्यांची शिस्त, पायात कधी चपला नसणं, दिवाळीच्या सुट्टीतही मुलांना घरी बोलावून गणितं घालणं, हे सगळं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांच्यावर दोन पानं लिहायचं काम चुलतभावाने माझ्यावर सोपवलं. ‘तुला लिहायची हौस आहे’ असं तो म्हणाला, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

म्हणून आत्याकडे गेले. आत्या आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, पण बाकी सगळं शाबूत. ती अण्णांच्याच शाळेत शिकली, १९४३-४४ च्या सुमारास पहिलीत होती. मी वही-पेन घेऊन बसले आणि शाळा कशी होती ते विचारत गेले. आधी शाळा मारुतीच्या देवळात भरायची, मग तीन खणांची दगडी इमारत झाली, पुढे पडवी, उजवीकडे चिंचेचं झाड, असं ती सांगत होती. आणि त्याच सुरात, चिंचेच्या झाडाबद्दल सांगावं तसं, म्हणाली, “पडवीत महारवाड्यातली पोरं बसायची. तिघं होती. खिडकीतून त्यांना फळ्याचा डावा अर्धाच भाग दिसायचा.”

मी विचारलं, आत का नाही बसायची? तिने माझ्याकडे जरा आश्चर्यानेच बघितलं. “आत कशी बसतील?”

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. पाटी तपासायची वेळ झाली की मुलं पाटी पडवीच्या कट्ट्यावर ठेवून मागे सरायची. अण्णा दारात येऊन, वाकून वाचायचे आणि काय चुकलं ते तोंडाने सांगायचे. पाटीला हात लावायचे नाहीत. पाण्याचा माठ आत होता, त्यामुळे पाण्याचा प्रश्नच नव्हता. तहान लागली की पोरं घरी पळायची. आणि तपासणीला दिपोटी यायचे (डेप्युटी इन्स्पेक्टरना गावात दिपोटीच म्हणत) त्या दिवशी ती तिघं आत, दाराजवळ, वेगळ्या तरटावर. दिपोटी गेले की पुन्हा पडवीत. आत्याला हे सगळं अगदी स्वच्छ आठवत होतं.

“अण्णांना वाईट वाटायचं का?” मी विचारलं.

“अगं, त्यांनी काय करायचं? आत घेतलं असतं तर गावाने पोरं काढून घेतली असती. शाळा ओस पडली असती.”

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. नंतर कळलं की ते मी आधी कुठेतरी वाचलेलं आहे.

अगदी त्याच शब्दांत नाही, पण मतितार्थ तोच. आणि लिहिणारं कोणी खेड्यातलं मास्तर नव्हतं, मुंबई इलाख्याचं सरकार होतं. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. (धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणून हा अर्ज मुंबईला आला.) शाळेने नाही म्हटलं. मुलगा गप्प बसला नाही, त्याने थेट सरकारकडे दाद मागितली. सरकारने २१ जुलै १८५६ रोजी ठराव केला. त्या ठरावात त्याचा उल्लेख ‘महार अर्जदार’ एवढाच आहे.

ठराव वाचण्यासारखा आहे. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल जे निवेदन ठेवलं त्यात तो जसाच्या तसा दिलेला आहे. सरकारने अर्ज सरळ फेटाळून लावला असं त्यात नाही. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्याच बाजूने आहे, असं सरकार मान्य करतं. लोकांच्या मनातले पूर्वग्रह लवकर दूर होवोत अशी आशाही व्यक्त करतं. पण एका-दोघांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींत तडकाफडकी हात घातला तर शिक्षणाच्याच कार्याचं नुकसान होईल, आणि मुळात ही अडचण काही या सरकारने निर्माण केलेली नाही, असं म्हणून मोकळं होतं. त्याच सुमाराच्या शिक्षण खात्याच्या अहवालात तर आणखी स्पष्ट आहे: या एका मुलाला आत घ्यायचं म्हणजे बाकीच्या बहुसंख्यांसाठी ती शाळा निरुपयोगी होण्याचा धोका पत्करायचा.

म्हणजे शाळा ओस पडली असती.

या मुलाचं प्रकरण तिथेच संपलं नाही, हे मला फार विशेष वाटतं. कागद कलकत्त्याला गेले. २३ जानेवारी १८५७ च्या पत्रात हिंदुस्थान सरकारने लिहिलं की मुंबई सरकारने शहाणपणाच केला असण्याची शक्यता आहे, पण बंगालमधल्या कुठल्याही सरकारी शाळेने या मुलाला नाकारलं नसतं. (सरकारी भाषेतला टोमणा ओळखायला सवय लागते, पण हा टोमणाच आहे.) मग कागद लंडनला गेले आणि कंपनीच्या डायरेक्टरांनी एप्रिल १८५८ मध्ये निकाल दिला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असाव्यात, हे तत्त्व सोडता येणार नाही. मधल्या काळात उत्तरेत बंड होऊन गेलेलं, कंपनीचं राज्यच काही महिन्यांत जाणार होतं, आणि तरी धारवाडच्या एका पोराच्या अर्जावर लंडनमध्ये उत्तर लिहिलं जात होतं.

तत्त्व झालं. शाळेचं दार कागदावर १८५८ साली उघडलं. अण्णांच्या पडवीत ती तिघं बसत होती १९४४ साली. मधे शहाऐंशी वर्षं.

या शहाऐंशी वर्षांत काय झालं ते समजून घ्यावं म्हणून मी वाचत गेले. मी इतिहासकार नाही, बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे, तेव्हा यात काही चुकलं असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं. पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे शाळांच्या इतिहासात ‘प्रवेश’ या शब्दाला फार महत्त्व आहे. कोणी पहिली शाळा काढली, कोणाला पहिला प्रवेश मिळाला, कोणता कायदा कधी झाला. भांडण मात्र बहुतेक वेळा प्रवेशाचं उरलेलंच नव्हतं. ते मूल आत आल्यावर कुठे बसणार, याचं होतं.

जोतीराव फुल्यांनी हे नेमकं ओळखलं होतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिलं ते प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा या मागणीसाठी प्रसिद्ध आहे. पण त्यात महार-मांगांबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे ते अगदी साधं आणि हिशोबी आहे. वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत म्हणून ही मुलं सगळ्या शाळांतून प्रत्यक्षात वगळली जातात. त्यांच्यासाठी सरकारने वेगळ्या शाळा काढल्या आहेत, पण त्या मोठ्या शहरांत. आणि पुण्यासारख्या ठिकाणी पाच हजारांहून अधिक वस्तीमागे अशी शाळा एक, तिथे हजर मुलं तिसाहून कमी. शेजारी बसण्याचा मुद्दा त्यांनी आधी मांडला आहे, शाळा पुढे. १८५२ साली वेताळ पेठेत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढलेला माणूस बोलतोय, त्याला अडचण कुठे आहे ते ठाऊक होतं. खरं तर त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली, चौदा वर्षांची असताना, ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला होता. तिला शिकायला मिळालं तर ती काय लिहू शकते हे धारवाडच्या अर्जाच्या एक वर्ष आधीच छापून आलेलं होतं. सरकारी ठराव लिहिणाऱ्यांपैकी कोणी ते वाचलं होतं का, कोण जाणे.

हंटर कमिशनचे आकडेही आंबेडकरांच्या त्या निवेदनात आहेत. १८८१-८२ साली मुंबई इलाख्यात ‘कनिष्ठ जातीं’ची मुलं प्राथमिक शाळांत २,८६२ होती. शंभरात एकही नाही. माध्यमिक शाळांत १७. हायस्कुलात शून्य, कॉलेजात शून्य. १८५८ च्या तत्त्वाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

आणि मग दापोली. हे प्रकरण मला माहीतच नव्हतं. दापोलीला लष्करातून निवृत्त झालेल्या महार शिपायांची, पेन्शनरांची मोठी वस्ती होती. पलटणीत या लोकांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षणाची गोडी लागलेली. १८९२ साली त्यांनी अर्ज केला की म्युनिसिपालिटीच्या शाळेत आमच्या मुलांना घ्या. गावातल्या लोकांनी विरोध केला, कागद वरखाली झाले, आणि शेवटी मुलांना घेतलं. बसवलं व्हरांड्यात. फिलिप कॉन्स्टेबल नावाच्या इतिहासकाराने या सगळ्या लढ्यावर एक मोठा लेख लिहिला आहे, त्याच्या शीर्षकातच व्हरांडा आहे. म्हणजे पडवी ही काही आमच्या गावाची कल्पना नव्हती, अण्णांची तर नव्हतीच. ती दोन्ही बाजू सांभाळणारी तडजोड होती. सरकारला सांगता येतं की मूल पटावर आहे. गावाला सांगता येतं की मूल आत नाही. ज्याने कोणी ती पहिल्यांदा काढली तो मोठा हुशार माणूस असला पाहिजे.

याच दापोलीच्या कॅम्पात १८९० च्या दशकात काही काळ सुभेदार रामजी सकपाळ राहत होते, आणि त्यांचा धाकटा मुलगा भीमराव. तिथून ते कुटुंब पुढे साताऱ्याला आलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात नोंदलं गेलं. नोंद क्रमांक १९१४. ते रजिस्टर अजून जपून ठेवलेलं आहे, शाळा आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. चांगली गोष्ट आहे. पण हा दिवस पुन्हा प्रवेशाचाच झाला, नाही का? मुलगा आत गेल्यावर काय झालं ते त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. वर्गात नंबराप्रमाणे इतरांच्यात बसायचं नाही, एका कोपऱ्यात एकट्याने बसायचं. बसायला स्वतःचं गोणपाट. वर्ग झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावणार नाही, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी पुन्हा आणायचं. पाणी हवं असेल तर शिपायाने वरून ओतायचं, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही.

मी ते गोणपाट घरी नेण्याचं वाक्य वाचून बराच वेळ थांबले. नऊ वर्षांचा मुलगा, एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात गोणपाटाची गुंडाळी. सातारच्या ज्या रस्त्यांवरून तो जात असेल ते मला माहीत आहेत. माझं आजोळ तिथलंच.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात गेल्यावरही, धनंजय कीरांच्या चरित्रात प्रसंग आहे, मास्तरांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं तर बाकीच्या मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले डबे बाजूला काढले. डबे विटाळू नयेत म्हणून. हे मुंबई शहर, सरकारी शाळा, विसावं शतक.

आता कोणी म्हणेल (आणि माझा चुलतभाऊ म्हणालाच) की त्या काळात दुसरं काही शक्य नव्हतं, आजच्या चष्म्यातून बघू नये. मलाही आधी तसंच वाटत होतं, आणि तसं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या गावापासून कोल्हापूर किती लांब? सकाळच्या एस.टी.ने निघालं तर जेवायला पोचता येतं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. ते आपण सगळे पाठ्यपुस्तकात शिकलो. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी दोन वर्षांनी केली, ती आपण शिकलो नाही, निदान माझ्या वेळी तरी नव्हती. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करायचा हुकूम काढला. त्या मुलांना सर्वसाधारण शाळांतच घ्यायचं, आणि इतरांसारखंच वागवायचं. म्हणजे ज्या प्रश्नावर मुंबई सरकार साठ वर्षं अडून बसलं होतं तो त्यांनी एका दसऱ्याला निकालात काढला. मनं एका हुकमाने बदलली असं माझं म्हणणं नाही, तसं कुठेच होत नाही. पण कोल्हापूरच्या शाळा ओस पडल्या नाहीत.

आणि साताऱ्यातच बघायचं तर भाऊराव पाटील होते. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग. तिथे महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची आणि एका पंक्तीला जेवायची. १९२७ साली गांधीजींनी तिथे येऊन त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं. भाऊरावांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. इस्लामपूरच्या शाळेत एक महार मुलगा वर्गाबाहेर बसून शिकताना त्यांनी पाहिला. चौकशी केली आणि त्याला उचलून कोल्हापूरला नेलं, मिस क्लार्क बोर्डिंगात ठेवलं. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप, पुढे ‘मूकनायका’चे संपादक झाले. म्हणजे बाहेर बसलेलं मूल बघून काही करावंसं वाटणारी माणसं होती, त्याच जिल्ह्यात, अण्णा मास्तर व्हायच्या आधीपासून. अण्णांनी भाऊरावांचं भाषण एकदा ऐकलं होतं, असं आत्याच सांगते. भाषण फार आवडलं होतं म्हणे.

सरकारही अगदी झोपलं नव्हतं. १९२३ साली मुंबई सरकारने ठरवलं की अस्पृश्य मुलांना नाकारणाऱ्या अनुदानित शाळांचं अनुदान बंद करायचं. १९२८ साली स्टार्ट समिती नेमली, आंबेडकर तिचे सभासद होते, १९३० ला तिचा अहवाल आला, वेगळ्या शाळांपेक्षा सामायिक शाळाच हव्यात असं तिचं मत. परिपत्रकं निघत होती. निघालेलं परिपत्रक आमच्या गावापर्यंत यायचं ते दिपोटींच्या घोड्यावरून, आणि त्यांच्याबरोबरच परत जायचं.

मी अण्णांना झोडपायला बसलेली नाही. त्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते मी स्वतःशी पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. पगार तुटपुंजा. राहायला जागा पाटलांच्या वाड्यात, भाडं नाममात्र. सुगीला धान्य यायचं ते गावातूनच. गावाने तक्रार केली तर बदली, तीही घाटाखाली कुठेतरी. पाच मुलं पदरात. आम्ही कोण ते आडनावावरून कळतंच, तेव्हा गावातला मोठेपणा होता, तो घालवायचा नव्हता हेही खरं. आणि एक गोष्ट तर नक्की, की त्यांनी त्या तिघांना शिकवलं. आधीच्या मास्तरांनी पटावर नाव घालून सोडून दिलं होतं. अण्णा रोज दारात यायचे आणि वाकून पाट्या वाचायचे. तिघांपैकी एकजण पुढे चौथी पास होऊन मुंबईला गिरणीत लागला, रात्रशाळेत शिकला. हे त्यांच्या खात्यावर जमा करायला हवं. मला जमेला धरायला अडचण नाही. अडचण ही आहे की आम्ही आत्तापर्यंत फक्त जमाच वाचत आलो.

आणि दुसरी अडचण माझी स्वतःची आहे.

काही वर्षांपूर्वी माझा नातू ज्या खासगी शाळेत जातो (नाव नको) तिथल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी होते. सून नोकरीला, म्हणून शाळेचं सगळं माझ्याकडे. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून अशा शाळांत पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात, हे बहुतेकांना माहीत असेल. तर ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की ‘त्या’ मुलांची वेगळी तुकडी केली तर दोघांच्याही सोयीचं. भाषेचा प्रश्न येतो, सहलीच्या खर्चाचा येतो, डब्यातल्या पदार्थांचा येतो. भराभर अंगठे आले. एका आईने लिहिलं की असंच चाललं तर चांगले पालक मुलं काढून घेतील. मी उत्तर टाइप केलं. मग विचार केला की उगाच नातवाला त्रास नको, आणि पुसून टाकलं. सहा-सात ओळी होत्या.

नंतर कायदा काढून बघितला तर केंद्राच्या २०१० च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं सापडलं, की या मुलांना वर्गात इतरांपासून वेगळं बसवायचं नाही आणि त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत. म्हणजे नियम करणाऱ्यांना पडवी आठवत होती. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही असं केलं होतं. म्हणजे बहुतेक शहरी शाळा सुटल्याच असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ते रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात बदल केला नाही. ही बातमी मी वाचली तेव्हा मला धारवाड आठवलं, आणि त्या पुसलेल्या सात ओळीही.

तर स्मरणिकेचा लेख. मी दोन पानं लिहिली. अक्षर, शिस्त, दिवाळीची गणितं, सगळं लिहिलं, आणि पडवीचा एक परिच्छेद लिहिला. नावं नाहीत, आरोप नाही, फक्त काय होतं ते. चुलतभावाचा फोन आला. तो चिडला नाही, उलट फार समजुतीने बोलला. म्हणाला, अण्णांचा फोटो त्याच पानावर आहे, गावात आता सगळे गुण्यागोविंदाने राहतात, कशाला उकरायचं. महारवाड्यातलीही (तो ‘त्या आळीतली’ म्हणाला) मंडळी स्मरणिकेच्या समितीवर आहेत, त्यांनाच वाईट वाटेल. मी म्हटलं, त्यांना विचारू या. तो म्हणाला, बघतो. स्मरणिका छापून आली. माझा लेख दीड पान झाला आहे. तो परिच्छेद जागेअभावी गाळला, असं त्याने नंतर कळवलं.

समितीवरच्या एका गृहस्थांना मी मग स्वतःच फोन केला. त्यांचे वडील त्या तिघांतले, गिरणीत गेलेले. आता हयात नाहीत. मी अडखळत सांगितलं कशाबद्दल बोलायचं आहे. ते शांतपणे म्हणाले, “ताई, आम्हाला हे सगळं माहीत आहे. घरी सांगायचेच की वडील. तुमच्या घरात माहीत नव्हतं का?”

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांचं अक्षर फार सुंदर होतं, थेट मास्तरांसारखं. पाटी लांबून वाचता यावी म्हणून मोठं आणि ठळक काढायची सवय लागली होती, ती शेवटपर्यंत गेली नाही. गिरणीतल्या संपाच्या वेळी पाट्या रंगवायला त्यांनाच बोलवायचे.

ते त्यांनी मला हसत सांगितलं.

इथे टाकायच्या आधी हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. मोठ्याने वाचावं लागतं, त्यामुळे शेजारच्यांनीही ऐकलं असेल. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोप लागली. अण्णांबद्दलच्या भागाला ती काही बोलली नाही. वाचून झाल्यावर थोड्या वेळाने म्हणाली, तिघं नाही, चौघं होती. एक मुलगी होती, माझ्याच वयाची. पहिल्या पावसाळ्यात पडवीत फार झड यायची, तेव्हा ती यायची बंद झाली. नाव काय तिचं, ते आठवेना तिला. आठवलं की फोन करते म्हणाली आहे.